पत्ता परत ठेवला की नाही?

‘योग्य रीतीने पिसलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एकापाठोपाठ एक असे दोन पत्ते काढले, तर दोन्ही एक्के असण्याची संभाव्यता किती?’ हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या सरावसंचांत आणि शिकवणीवर्गांच्या फळ्यांवर वारंवार भेटतो, आणि येथे लिहिला आहे त्या स्वरूपात तो अपुरा आहे. पहिला पत्ता पाहून झाल्यावर तो कॅटमध्ये परत ठेवून पुन्हा पिसले, की तो बाजूला काढून ठेवला, हे सांगितल्याशिवाय त्याला एकच एक उत्तर देता येत नाही. उत्तरसूचीत बहुधा दुसरा अर्थ गृहीत धरलेला असतो, परंतु जे गृहीत धरले ते लिहून दाखवण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ही त्रुटी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात संभाव्यतेच्या विषयातील बऱ्याच गोंधळाचे मूळ तिच्यातच आहे, असे माझे मत आहे.

आधी हिशोब करून टाकू. पत्ता परत ठेवला असे धरल्यास दोन्ही खेपांना ५२ पत्त्यांत ४ एक्के असतात, म्हणून संभाव्यता ४/५२ × ४/५२, म्हणजे १/१६९ येते, सुमारे ०.५९ टक्के. परत ठेवला नाही, तर पहिला एक्का निघाल्यावर ५१ पत्त्यांत ३ एक्के उरतात, म्हणून संभाव्यता ४/५२ × ३/५१, म्हणजे १/२२१, सुमारे ०.४५ टक्के. दोन्ही पत्ते एकदम उचलले तरी हेच दुसरे उत्तर मिळते, कारण ५२ पत्त्यांतून १,३२६ वेगवेगळ्या जोड्या होतात, त्यांपैकी ६ जोड्या एक्क्यांच्या असतात, आणि ६/१३२६ म्हणजे १/२२१च. एकदम उचलणे आणि परत न ठेवता एकेक उचलणे यांत गणिताच्या दृष्टीने काहीही भेद नाही.

यावरून ‘परत न ठेवल्यास संभाव्यता कमी होते’ असा नियम पाठ करण्याचा मोह होतो. तो नियम खोटा आहे. पहिला पत्ता राजा आणि दुसरा राणी निघण्याची संभाव्यता परत ठेवल्यास १/१६९ आहे, परंतु परत न ठेवल्यास ती ४/५२ × ४/५१, म्हणजे सुमारे ०.६० टक्के, अर्थात किंचित जास्त होते, कारण राजा बाहेर पडला तरी चारही राण्या कॅटमध्येच असतात आणि त्यांना गर्दी करणारा एक पत्ता मात्र कमी झालेला असतो. दोन पत्ते एकाच रंगाचे, म्हणजे दोन्ही इस्पिक, दोन्ही बदाम, दोन्ही किलवर किंवा दोन्ही चौकट असण्याची संभाव्यता परत ठेवल्यास २५ टक्के असते आणि न ठेवल्यास १२/५१, म्हणजे २३.५ टक्के. सारखेपणाला बाधा येते आणि वेगळेपणाला वाव मिळतो. नियमच हवा असेल तर एवढाच सांगता येईल. म्हणूनच दोन पत्त्यांत निदान एक एक्का असण्याची संभाव्यता परत न ठेवल्यास वाढते, कारण दोन एक्के एकाच हातात एकवटण्याचे प्रसंग कमी होतात. ही वाढ १४.७९ वरून १४.९३ टक्के इतकीच आहे. पाच पत्ते काढले, तर मात्र हेच आकडे ३२.९८ आणि ३४.१२ टक्के असे होतात.

परत ठेवण्याच्या प्रकारात ‘पुन्हा पिसले’ ही अट गाळून चालत नाही. पत्ता नुसता वर ठेवून दिला आणि पुन्हा वरचाच उचलला, तर निकाल आधीच ठरलेला असतो. पिसणे म्हणजे किती पिसणे, यावरही काम झालेले आहे: कॅटचे दोन भाग करून त्यांची पाने एकमेकांत मिसळण्याच्या पद्धतीने ५२ पत्ते पुरेसे मिसळण्यासाठी साधारण सात वेळा पिसावे लागते, असे अमेरिकी गणिती डेव्ह बायर आणि पर्सी डायाकोनिस यांनी १९९२ साली दाखवले. घरगुती डावात एवढे कोणी पिसत नाही, पण गणितापुरते आपण ते झाले असे धरतो.

आता ज्या मुद्द्यावर बहुतेकांचे पाऊल अडखळते तो पाहू. पत्ता परत ठेवला नाही, तर दुसरा पत्ता एक्का असण्याची संभाव्यता किती? पुष्कळ जण ‘३/५१’ म्हणतात, काही ‘४/५१’ म्हणतात, आणि काही जण ‘ते पहिल्या पत्त्यावर अवलंबून आहे’ असे सांगून थांबतात. पहिला पत्ता पाहिलेलाच नसेल, तर या प्रश्नाला एक नेमके उत्तर आहे आणि ते ४/५२, म्हणजे १/१३ असे आहे. पहिला एक्का असून दुसराही एक्का असण्याची संभाव्यता १२/२६५२ आहे, पहिला एक्का नसून दुसरा एक्का असण्याची १९२/२६५२ आहे, आणि दोन्हींची बेरीज २०४/२६५२, म्हणजे बरोबर १/१३ होते. एवढी आकडेमोडही खरे तर अनावश्यक आहे. पिसलेल्या कॅटमध्ये वरून दुसऱ्या जागेला असे कोणते वैशिष्ट्य आहे की ज्यामुळे एक्के तिला टाळतील किंवा तिच्याकडे ओढले जातील? पहिल्या, दुसऱ्या, सतराव्या किंवा अगदी बावन्नाव्या जागीही एक्का असण्याची संभाव्यता १/१३च आहे. पाने वाटताना आपला क्रमांक शेवटचा आला म्हणून हुरहुरणाऱ्या खेळाडूला हा मुद्दा सांगून पाहावा. त्याचे समाधान होत नाही हा माझा अनुभव असला, तरी मुद्दा खरा आहे.

तेव्हा परत न ठेवण्याने बदलते ती दुसऱ्या पत्त्याची स्वतःची संभाव्यता नव्हे, तर पहिल्या पत्त्याविषयी काही कळल्यानंतरची संभाव्यता. पाठ्यपुस्तके हिला सशर्त संभाव्यता म्हणतात. हे कळणे उलट्या दिशेनेही चालते, आणि मला तो भाग सर्वांत रंजक वाटतो. पहिला पत्ता उपडाच टेबलावर ठेवला, दुसरा उलटून पाहिला आणि तो एक्का निघाला, तर तो उपडा पत्ता एक्का असण्याची संभाव्यता त्या क्षणी ४/५२ वरून ३/५१ वर येते. पत्ता जागचा हललेला नाही, तो दुसऱ्याच्या आधी काढला गेला होता, त्यावर काय छापले आहे हे केव्हाच ठरलेले आहे, आणि तरीही संभाव्यता बदलते, कारण ती पत्त्याचा गुणधर्म नसून आपल्या माहितीचे माप आहे. परत ठेवण्याच्या प्रकारात असे होत नाही. तेथे दुसऱ्या खेपेचा निकाल पहिल्या खेपेविषयी काहीच सांगत नाही.

प्रश्न अपुरा लिहिल्याने होणारा घोटाळा आजचा नाही. डच गणिती क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५७ साली लॅटिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोट्या प्रबंधाच्या शेवटी वाचकांनी सोडवावेत म्हणून पाच प्रश्न दिले होते. त्यांतील एक पत्त्यांचाच आहे: ४० पत्ते, चार रंग, प्रत्येक रंगाचे १० पत्ते, चार पत्ते काढल्यावर प्रत्येक रंगाचा एकेक येईल अशी पैज लावणाऱ्याची बाजू कितपत भक्कम आहे? याचे उत्तर १००० विरुद्ध ८१३९ असे आहे. ४० पत्त्यांतून चार पत्त्यांचे ९१,३९० गट होतात आणि त्यांपैकी १०,००० गटांत चारही रंग येतात, म्हणजे संभाव्यता सुमारे १०.९ टक्के भरते. चार पत्ते हातात घ्यायचे असल्याने येथे अर्थाविषयी शंका उरत नाही.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र तसे झाले नाही. बारा सोंगट्या, त्यांतील ४ पांढऱ्या आणि ८ काळ्या. तीन खेळाडू डोळे बांधून पाळीपाळीने एकेक सोंगटी काढतात आणि जो प्रथम पांढरी काढील तो जिंकतो. तिघांच्या आशांचे, म्हणजे जिंकण्याच्या संभाव्यतांचे, प्रमाण काय? काढलेली काळी सोंगटी परत टाकायची की नाही, हे या शब्दांत कोठेही नाही. हायगेन्स यांच्या मनात ती परत टाकायची होती. योहान हुडे, जे पुढे ॲमस्टरडॅमचे नगराध्यक्ष झाले, त्यांनी ती परत टाकायची नाही असे धरले, आणि १६६५ च्या सुमारास दोघांच्या पत्रव्यवहारात उत्तरे जुळेनात. स्विस गणिती याकोब बर्नुली यांच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या प्रश्नाचे तीन अर्थ वेगळे काढून दाखवले आहेत; तिसऱ्या अर्थात प्रत्येक खेळाडूपाशी स्वतःच्या वेगळ्या बारा सोंगट्या असतात.

पहिल्या दोन अर्थांची उत्तरे येथे काढून पाहता येतात. सोंगटी परत टाकली, तर प्रत्येक खेपेस पांढरी निघण्याची संभाव्यता १/३ असते. पहिल्याला १/३, दुसऱ्याला २/३ × १/३, तिसऱ्याला २/३ × २/३ × १/३, आणि तिघेही चुकले तर खेळ मूळपदावर येतो. म्हणून प्रमाण ९ : ६ : ४ असे पडते. परत टाकली नाही, तर खेळ जास्तीत जास्त नवव्या खेपेस संपतोच, कारण काळ्या सोंगट्या आठच आहेत. बारा खेपांत चार पांढऱ्या सोंगट्यांच्या जागांच्या ४९५ समसंभाव्य मांडण्या होतात; प्रथम पांढरी कितव्या खेपेस निघते त्याप्रमाणे त्यांपैकी पहिल्या खेपेच्या १६५, दुसऱ्या खेपेच्या १२०, तिसऱ्या खेपेच्या ८४ आणि पुढे ५६, ३५, २०, १०, ४ व १ अशी वाटणी होते. पहिल्या खेळाडूच्या वाट्याला पहिली, चौथी व सातवी खेप येते, म्हणजे २३१. दुसऱ्याला १५९ आणि तिसऱ्याला १०५. प्रमाण ७७ : ५३ : ३५. टक्क्यांत पाहिले तर पहिल्याची आशा ४७.४ वरून ४६.७ वर उतरते आणि उरलेल्या दोघांची थोडी वाढते. सोंगट्या परत न टाकण्याचा लाभ वाट पाहणाऱ्यांना होतो, कारण प्रत्येक काळी सोंगटी बाहेर पडताना पुढच्याचे काम सोपे करून जाते.

वाट पाहण्याचा हाच हिशोब ५२ पत्त्यांवर फार सुबक बसतो. एक्का निघेपर्यंत एकेक पत्ता काढत जायचे असेल, तर परत ठेवण्याच्या प्रकारात सरासरी १३ पत्ते काढावे लागतात. परत न ठेवल्यास चार एक्के उरलेल्या ४८ पत्त्यांचे पाच तुकडे पाडतात, पाचही तुकडे सरासरीने सारखे म्हणजे ९.६ पत्त्यांचे असतात, आणि म्हणून पहिला एक्का सरासरी १०.६ व्या जागी येतो. शिवाय ४९ व्या पत्त्यापर्यंत तो यावाच लागतो. परत ठेवत राहणाऱ्याला मात्र अशी कोणतीच हमी नाही: ४९ वेळा पत्ता काढूनही एकही एक्का न दिसण्याची संभाव्यता जवळजवळ २ टक्के आहे.

आपल्याकडच्या डावांपैकी या विषयाला सर्वांत जवळचा डाव मला मेंढीकोट वाटतो. चौघे खेळाडू, समोरासमोर बसलेले दोघे भिडू, प्रत्येकाला १३ पाने आणि सगळा डोळा चार दश्श्यांवर. हुकूम कोणता आणि कोण कसा खेळतो हे बाजूला ठेवून, पाने वाटताच दोन बाजूंत दश्श्या कशा विभागल्या जातात एवढेच पाहू. प्रत्येक दश्शी नाणेफेक करून या किंवा त्या बाजूला टाकली असती, तर चारही एकाच बाजूला जाण्याची संभाव्यता १२.५ टक्के, तीन-एक अशी विभागणी होण्याची ५० टक्के आणि दोन-दोन अशी होण्याची ३७.५ टक्के असती. नाणेफेक म्हणजे येथे पत्ता परत ठेवण्यासारखेच आहे, कारण एका बाजूला दश्शी गेली म्हणून त्या बाजूची जागा कमी होत नाही. प्रत्यक्ष वाटपात मात्र ती होते. आपल्या बाजूला पहिली दश्शी आली की आपल्या २६ जागांपैकी २५ उरतात आणि समोरच्यांच्या २६ तशाच राहतात, त्यामुळे दुसरी दश्शी आपल्याकडेच येण्याची संभाव्यता निम्म्यापेक्षा कमी, २५/५१ होते. पुढे २४/५० आणि २३/४९. गुणाकार केल्यावर चारही दश्श्या आपल्या बाजूला येण्याची संभाव्यता ५.५२ टक्के येते, कोणत्याही एका बाजूला येण्याची ११.०४. दोन-दोन अशी विभागणी ३९.०२ टक्के वेळा होते आणि तीन-एक ४९.९४ टक्के वेळा. खरे वाटप नाणेफेकीपेक्षा थोडे अधिक समतोल असते. चारही दश्श्या एकाच खेळाडूच्या हातात येण्याचा प्रसंग मात्र साधारण १ टक्काच वेळा घडतो, आणि चौघांना एकेक मिळण्याचा साडेदहा टक्के वेळा.

‘कॅट मोठा असेल तर परत ठेवण्या-न ठेवण्याने फरक पडत नाही’ असेही एक वाक्य सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे, आणि त्याचा चुकीचा अर्धा भाग सावंतवाडीच्या गंजिफेवर छान दिसतो. दशावतारी गंजिफेत १० रंग असतात, प्रत्येक रंगाची १२ गोल पाने, एकूण १२०. कॅट ५२ पत्त्यांच्या दुपटीहून मोठा आहे. दोन पाने एकाच रंगाची येण्याची संभाव्यता परत ठेवल्यास १० टक्के आणि न ठेवल्यास ११/११९, म्हणजे ९.२४ टक्के, अर्थात मूळ आकड्याच्या साडेसात टक्क्यांहून जास्त घट. ५२ पत्त्यांत हीच घट सहा टक्क्यांहून कमी होती. कॅट मोठा होऊनही फरक वाढला, कारण निर्णायक गोष्ट एकूण पानांची संख्या नसून ज्या गटाविषयी आपण विचारत आहोत त्या गटात किती पाने आहेत ही आहे. बारातून एक जाणे हे तेरातून एक जाण्यापेक्षा मोठे नुकसान आहे, आणि एक्क्यांच्या बाबतीत चारातून एक गेला की घट साडेतेवीस टक्क्यांवर पोहोचते.

गट आणि कॅट दोन्ही सारख्या पटीत वाढले, तर मात्र फरक खरोखर विरतो. जुगारघरातील ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर सहा कॅट एकत्र मिसळले, तर ३१२ पत्त्यांत २४ एक्के होतात, आणि एक एक्का दिसल्यानंतर पुढचा एक्का येण्याची संभाव्यता २३/३११, म्हणजे ७.४० टक्के असते. एका कॅटमध्ये ती ५.८८ असते आणि परत ठेवल्यास ७.६९. अमेरिकी गणिती एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ साली पुस्तक लिहून दाखवले की, वाटून झालेले पत्ते परत न मिसळण्याच्या रिवाजामुळे, गेलेले पत्ते लक्षात ठेवणाऱ्या खेळाडूला जुगारघरावर मात करता येते. त्यावरचे उपाय उघड होते: अधिक कॅट मिसळणे, कॅट संपण्याच्या बरेच आधी पुन्हा पिसणे, आणि पुढे खेळून झालेले पत्ते सतत आत घेऊन पिसत राहणारी यंत्रे. या तिन्ही उपायांचे सार एकच आहे. खेळ शक्य तितका ‘परत ठेवण्याच्या’ प्रकाराकडे ढकलायचा, म्हणजे पाहिलेल्या पत्त्याची माहिती निरुपयोगी ठरते.

जुगाराबाहेर हा भेद सर्वाधिक कामाला येतो तो नमुना सर्वेक्षणांत. तेरा पत्ते काढल्यास एक्का सरासरी एकच मिळतो, परत ठेवा अथवा न ठेवा. सरासरी बदलत नाही. बदलतो तो त्या सरासरीभोवतीचा विखुरलेपणा. परत ठेवल्यास प्रमाण विचलन, म्हणजे या विखुरलेपणाचे माप, ०.९६ असते आणि न ठेवल्यास ०.८४. दुसरा आकडा पहिल्यावरून काढण्यासाठी, न काढलेले ३९ पत्ते भागिले एकूण पत्त्यांतून एक वजा करून येणारे ५१, याचे वर्गमूळ घेऊन गुणायचे. एकही एक्का न मिळण्याची संभाव्यताही याच कारणाने ३५.३ टक्क्यांवरून ३०.४ टक्क्यांवर येते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक उत्पन्नाच्या अंदाजासाठी नमुना निवडण्याच्या ज्या पद्धती देशात रुजवल्या, तशा नमुना पाहण्यांतही हा वर्गमुळाचा गुणक लागू पडतो. दीड हजार कुटुंबांच्या गावातून ५०० कुटुंबे निवडली, तर तो सुमारे ०.८२ असतो, म्हणजे अंदाजातील चूक जवळपास पाचव्या हिश्शाने कमी होते. दहा लाख कुटुंबांच्या शहरातून १,००० निवडली, तर तो ०.९९९५ असतो आणि त्याकडे कोणी पाहतही नाही.

सगळेच पत्ते काढले, तर न काढलेला एकही पत्ता उरत नाही आणि गुणक शून्य होतो: ५२ पत्ते हातात आले की एक्के चारच असतात, शंकेला जागाच नाही. परत ठेवत ५२ वेळा पत्ता काढणाऱ्याला मात्र बरोबर चार एक्के मिळण्याची संभाव्यता जेमतेम २० टक्के आहे. त्याला नवव्या खेपेपर्यंतच एखादा पत्ता पुन्हा दिसला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, आणि बावन्न खेपा पूर्ण झाल्यावर सरासरी ३३ वेगळे पत्ते पाहून झालेले असतात. उरलेले १९ त्याच्या नजरेस पडलेलेच नसतात.